काम अजून सुरू झालेलं नाही

"तू नक्की करतोस काय रे?" हा प्रश्न कर्जतमध्ये मला कोणी ना कोणी विचारतच असतं. सकाळी मंडईत भाजी घेताना दिसतो, दुपारी ओटीवर लॅपटॉप घेऊन बसलेला दिसतो, संध्याकाळी उल्हास नदीच्या पुलावर फिरताना दिसतो, म्हणजे हा माणूस रिकामटेकडा, असा लोकांचा सरळ हिशेब. पूर्वी मी "कॉम्प्युटरवर काम करतो" असं सांगायचो. त्याचा परिणाम एवढाच झाला की आळीतल्या सगळ्यांचे प्रिंटर बिघडले की ते माझ्याकडे यायला लागले. प्रिंटरमधलं मला काही म्हणजे काही कळत नाही.

खरं उत्तर द्यायला थोडा वेळ लागतो, म्हणून मी ते टाळतो. इथे देतो. प्रोग्राम लिहिणारा माणूस चुकला की कंपायलर त्याला काहीतरी वाक्य ऐकवतो. ती वाक्यं मी लिहितो. म्हणजे जुनी असतात ती सुधारतो, अगदीच वाईट असतील तर काढून नवी घालतो. कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणून देणारा प्रोग्राम. आणून देण्याआधी तो सगळं वाचतो. चूक मोठी असेल तर अडवतो, लहान वाटली तर वॉर्निंग देऊन पुढे जाऊ देतो. मी ज्या भाषेच्या कंपायलरवर काम करतो ती जगभरातले लोक मिळून बनवतात. बहुतेकांची तोंडं मी पाहिलेली नाहीत, फक्त त्यांचे शेरे वाचलेले आहेत. ही वाक्यं अर्थातच इंग्रजीत असतात. पुढे मी ती मराठीत सांगणार आहे, कारण ज्या व्यक्तीमुळे मला हे लिहावंसं वाटलं तिनं ती मनातल्या मनात मराठीतच वाचली होती.

स्वभावानं मी तापट आहे, हेही आताच सांगून टाकतो. बँकेच्या खिडकीवर कोणी मान वर न करता "सर्व्हर डाउन" म्हटलं की माझं डोकं फिरतं. डाउन आहे तर मी काय करू? थांबू, उद्या येऊ, की दुसऱ्या शाखेत जाऊ? एवढं सांगायला काय जातं तुमचं? आमच्या घरातले लोक म्हणतात की या रागाचा माझ्याकडून झालेला एकमेव चांगला उपयोग म्हणजे माझी नोकरी.

आता वहिनींबद्दल. माझा थोरला भाऊ खोपोलीला असतो, तिथल्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. वहिनींचं माहेर खालापूरकडच्या एका खेड्यातलं. लग्नाआधी त्यांनी बीएस्सी केलं होतं, गणित घेऊन. मग लग्न, दोन मुली, सासू-सासऱ्यांची आजारपणं, यात बरीच वर्षं गेली. मुली मोठ्या झाल्या आणि आपापल्या अभ्यासाला लागल्या, तेव्हा भावाचा जुना लॅपटॉप पुढ्यात घेऊन वहिनी प्रोग्रामिंग शिकायला लागल्या. आधी त्यांनी वेबसाइट बनवण्याची एक सोपी भाषा शिकून घेतली. मग एक दिवस मला म्हणाल्या, "भावोजी, तुमी ज्या भाषेचं काम करता ना, तीच शिकायची हाय मला. अवघड हाय म्हणतात, पण अडलं तर घरात माणूस हाय."

घरातला माणूस म्हणजे मी. मला त्या दिवशी इतकं बरं वाटलं होतं की काय सांगू.

वर्षभरानं त्यांना खोपोलीतच एका छोट्या कंपनीत काम मिळालं. कारखान्यांच्या गेटवर ट्रकचं वजन करायचे काटे असतात ना, त्यांचं सॉफ्टवेअर ही कंपनी बनवायची. मालक म्हणाले, काही महिने बघू, जमलं तर कायम करू. वहिनींनी घरात सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "हे नाय जमलं तर परत नाय करणार मी. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा जीव नाय आता." त्या उगाच बोलणाऱ्यातल्या नाहीत.

त्या दिवसांत माझा फोन सारखा वाजायचा. कंपायलर काही बोलला की वहिनी मला फोन करायच्या. मी त्यांना उत्तर सांगायचो नाही, आधी वाक्य मोठ्यानं वाचायला लावायचो. ही माझी कामाची पद्धत आहे. चुकीचं वाक्य डोळ्यांनी वाचून सापडत नाही, कोणाला तरी वाचायला लावावं लागतं. वाचणारा जिथे अडखळतो, जिथे आवाज उतरतो, तिथे मी खूण करून ठेवतो. बाहेरचे प्रोग्रामर हे फार वेळ करू देत नाहीत, त्यांना घाई असते. वहिनी मात्र शाळेतल्या मुलीसारख्या खणखणीत वाचायच्या, आणि कळलं नाही तर "हे काय मराठीत हाय का इंग्रजीत?" असं माझ्यावरच ओरडायच्या. माझ्या कामातली कितीतरी चांगली वाक्यं त्या ओरडण्यातून आलेली आहेत. हे मी त्यांना कधी नीटपणे सांगितलं नाही, म्हणून निदान इथे लिहून ठेवतो.

मग तो रविवार आला. भातकापणी होऊन गेली होती, सकाळी अंगणात थंडी असायची. वहिनी खोपोलीच्या गाडीनं एकट्याच आल्या, खांद्याला लॅपटॉपची बॅग. चहासुद्धा घेतला नाही. ओटीवर बसून म्हणाल्या, "काल गेटवर तोंडघशी पडले."

झालं होतं ते असं. कारखान्याच्या गेटवर नव्या सॉफ्टवेअरची चाचणी होती. ट्रक काट्यावर आला, वजन स्क्रीनवर दिसलं, पावती छापून आली, वॉचमननं दांडी वर केली, ट्रक निघून गेला. सगळे खूश. मग कारखान्याच्या साहेबांनी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर नोंद बघितली, तर नोंदच नाही. दुसरा ट्रक आणला. पुन्हा तेच. वजन दिसतं, पावती येते आणि नोंद कुठेच नाही. नोंद पाठवण्याचा भाग वहिनींनी लिहिलेला होता. मालक सगळ्यांसमोर काही बोलले नाहीत, पण गाडीत म्हणाले की सोमवारी सकाळी पुन्हा चाचणी आहे. तोवर कारण सापडलं तर ठीक. नाही तर हा भाग दुसऱ्याला देऊ आणि तुम्ही यापुढे फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी घ्या.

"द्या इकडे," मी लॅपटॉपकडे हात नेला.

वहिनींनी तो पदराआड ओढावा तसा जवळ ओढला. "तुमी सांगायचं नाय, भावोजी. बघा, पण सांगू नका. तुमी सांगितलं तर उद्याचं भागंल. पण पुढच्या येळेला मी परत हतंच बसलेली असंन. मग ती नोकरी माझी का तुमची?"

मी शब्द दिला, आणि बघितलं. बघितल्याबरोबर चूक दिसली. आता माझ्यासारख्या माणसाला उत्तर तोंडात धरून बसायला लावणं म्हणजे काय शिक्षा आहे, ते माझ्या घरच्यांना विचारा.

चूक काय होती ते वाचणाऱ्याला सांगायला हरकत नाही. नोंद दूरच्या कॉम्प्युटरवर पाठवायची म्हणजे मध्ये वेळ जातो, कधी नेटवर्क हळू असतं. तेवढा वेळ प्रोग्राम नुसता हात बांधून उभा राहिला तर दुसऱ्या गेटवरचा ट्रक खोळंबतो. म्हणून अशी कामं वेगळ्या तऱ्हेनं लिहितात. "नोंद पाठव" असं लिहिलं की आमच्या भाषेत नोंद लगेच जात नाही. "पाठवीन" असं एक कबूल केलेलं काम तेवढं हातात येतं. त्यापुढे "अवेट" हा शब्द लिहिला, म्हणजे "हे होईपर्यंत मी इथे थांबतो, बाकीची कामं चालू द्या" असं सांगितलं, की मग ते काम खरोखर सुरू होतं. थांबणारा कोणी नसेल तर काम जागचं हलत नाही. वहिनी आधी जी भाषा शिकल्या होत्या तिच्यात असं नसतं. तिथे काम सांगितलं की ते आपलं आपण सुरू होतं, थांबा नाही तर थांबू नका. त्यामुळे त्यांच्या हातून "अवेट" राहून गेला होता.

पण खरी गंमत पुढेच होती. कंपायलरनं त्यांना सावध केलं होतं. त्याचं वाक्य असं होतं: "वॉर्निंग: न वापरलेली किंमत, जी वापरलीच पाहिजे." हे वाक्य माझ्या आधीच्या कोणीतरी लिहिलेलं, आणि शब्दशः अगदी बरोबर. वहिनींनी ते वाचलं आणि प्रामाणिकपणे वापरायची सोय केली. इथे किंमत म्हणजे हातात आलेलं ते कबूल केलेलं काम. त्याला त्यांनी एक नाव दिलं. त्यावर कंपायलर म्हणाला, या नावाचा कुठे उपयोग दिसत नाही. मुद्दाम असेल तर नावाऐवजी नुसती एक आडवी रेघ द्या. त्यांनी रेघ दिली. कंपायलर गप्प झाला. गप्प झाला म्हणजे त्याचं समाधान झालं, असं समजून त्या शनिवारी गेटवर गेल्या होत्या.

"वापरा म्हणला, वापरलं," वहिनी स्क्रीनकडे बघत म्हणाल्या. "नाव नको म्हणला, रेघ दिली. मी त्याचं सगळं ऐकलं, भावोजी. एक शब्द मोडला नाय."

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण आवाजात होतं. मला त्या वाक्याचा आणि ते लिहिणाऱ्या अनोळखी माणसाचा असा राग आला की मी उठून अंगणात जाऊन उभा राहिलो. एवढी शहाणी बाई, इतक्या वर्षांनी घराबाहेर पडलेली, आणि हिला आम्ही हाताला धरून खड्ड्यात नेलं होतं.

तेवढ्यात आठवलं की आज गिरणीत जायचं आहे. आमचं थोडं शेत आहे, दुसऱ्याला कसायला दिलेलं. घरापुरतं भात येतं, ते आम्ही एकदम भरडत नाही. तांदूळ संपत आला की एखादं पोतं गिरणीत नेतो. वहिनी म्हणाल्या, "मी पण येते. हे बघून बघून डोकं गरगराय लागलंय." पोतं मागच्या सीटवर टाकून आम्ही निघालो.

ही भातगिरणी आमच्याकडच्या एका कोकणी मुसलमान कुटुंबाची. आत्ता जे चाचा चालवतात त्यांच्या वडिलांपासून आम्ही तिथेच जातो. गिरणीची एक जुनी रीत आहे. पोतं तुम्ही कधीही आणून ठेवा, नंबर लागतो. पण तुम्ही स्वतः येऊन यंत्रापाशी उभं राहिल्याशिवाय चाचा तुमच्या पोत्याची सुतळी सोडत नाहीत. मालकाच्या मागे भरडलं की भांडणं होतात. माझा तांदूळ बदलला, माझ्यात कणी जास्त आली, माझा कोंडा कमी भरला. कोंडा गुरांना लागतो, त्यामुळे तोही ज्याचा त्याला जातो. म्हणून माणूस समोर असेल तरच भात यंत्रात पडतं. आमच्या भागात हे कोणाला सांगावं लागत नाही. वाडीवरच्या बायका डोंगर उतरून डोक्यावर भात आणतात, त्याही भिंतीला टेकून बसून राहतात आणि नंबर आला की उठून यंत्राला हात लावून उभ्या राहतात.

आम्ही पोचलो तेव्हा एक गृहस्थ तावातावानं बोलत होते. शेलूला नवीन बिल्डिंगी झाल्यात, तिथे राहायला आलेले. कोणा शेतकऱ्याकडून थेट भात विकत घेतलं होतं, घरचा ताजा तांदूळ खायची हौस. पोतं सकाळीच ठेवून गेले होते आणि आता गाडीची डिकी उघडून तयार तांदूळ न्यायला आले होते. पोतं होतं तसंच, सुतळीसकट.

"मी सकाळी ठेवून गेलो होतो ना? मग इतका वेळ झालं काय?" ते विचारत होते. चाचांच्या तोंडाला फडकं बांधलेलं, यंत्राचा धडधडाट, त्यांना अर्धं ऐकू येत नव्हतं. ते हातानं नुसतं "थांबा, थांबा" करत होते, त्यानं गृहस्थ आणखीच चिडत होते. मला त्यांचा राग अगदी ओळखीचा वाटला.

वहिनी पुढे झाल्या. "काका," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "पोतं नुसतं ठेवलंय तुमी. भरडायला घेतलेलं नाय अजून. तुमी हतं उभं राहिलात की मग चालू व्हतं. असं या, हतं उभं राहा."

गृहस्थ जिथे दाखवलं तिथे जाऊन उभे राहिले. चाचांनी सुतळी सोडली. भात यंत्रात पडलं. भांडण जिथल्या तिथे मिटलं, आणि ते गृहस्थ पाच मिनिटांनी वाडीवरच्या एका आजीला तांदळाची जात विचारत होते.

मी मात्र जागच्या जागी खिळलो होतो. काय झालंय, काय झालेलं नाही, आणि आता कुठे उभं राहायचं. वहिनींनी तीन छोट्या वाक्यांत सगळं सांगितलं होतं, आणि त्यात "न वापरलेली किंमत" असलं काहीही नव्हतं. मी कित्येक आठवडे तशाच एका वाक्याच्या मागे होतो. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या मनात तसं काहीच आलेलं दिसत नव्हतं, त्या आपलं पोतं ओढत होत्या. मी शब्द दिलेला होता, तेव्हा मीही पोत्याला हात लावला.

घरी येऊन मी वहिनींना म्हटलं, "मी तुम्हाला काहीही सांगणार नाही. पण कंपायलर माझा आहे. त्यानं तुम्हाला काय सांगावं, हे मी ठरवू शकतो. चालेल?"

त्यांनी थोडा विचार केला. "त्यानं सांगितलं तर चालंल," त्या म्हणाल्या. "तो उद्या ऑफिसात पण असतो."

मग मी कामाला बसलो. इशाऱ्याची ही बाजू माझ्या रोजच्या हातातली होती, त्यामुळे कुठे काय बदलायचं ते माहीत होतं. दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे वाक्य बदललं. दुसरं म्हणजे आडवी रेघ दिली तरी अशा कामाच्या बाबतीत कंपायलरनं गप्प बसू नये, अशी व्यवस्था केली. बदललेला कंपायलर तयार व्हायला बराच वेळ लागतो. तेवढ्यात वहिनींनी तांदूळ पाखडला, निवडला, त्यातलाच थोडा घेऊन कुकर लावला, आणि मला दोनदा विचारून गेल्या की झालं का.

जेवणं झाल्यावर त्यांच्या लॅपटॉपवर नवा कंपायलर घातला आणि मी खुर्ची मागे घेतली. वहिनींनी प्रोग्राम पुन्हा त्याच्याकडे दिला. वॉर्निंग आली. त्यांनी नेहमीसारखी मोठ्यानं वाचली, इंग्रजीत वाचून मराठीत स्वतःशी म्हणत.

"हे काम फक्त सांगून ठेवलं आहे. काम अजून सुरू झालेलं नाही. नाव किंवा रेघ दिल्यानं ते सुरू होत नाही. ते व्हायला हवं असेल तर इथे थांबा." आणि खाली, त्यांच्या ओळीच्या शेवटी, जिथे "अवेट" लिहायचा त्या जागेवर एक बाण.

"अजून सुरू झालेलं नाही" इथे त्या थांबल्या. पुन्हा वाचलं. बोट बाणावर गेलं.

"अगं आई गं," त्या म्हणाल्या. "पोतं ठेवून आले की मी." मग इतक्या हसल्या की हसता हसता डोळे पुसायला लागल्या, आणि लगेच माझ्याकडे वळून भडकल्या, "एवढंच व्हतं तर आधी का नाय लिवलं ह्याच्यात? माझा शनिवार गेला, रविवार गेला, सगळ्यांसमोर मान खाली गेली! कोण लिवतं ही वाक्यं?"

"आता तुम्ही," मी म्हटलं. "गिरणीत त्या काकांना जे म्हणालात तेच मी उतरवून घेतलंय."

त्यांना आधी पटेना. मग म्हणाल्या, "खरंच?" आणि पुन्हा एकदा ते वाक्य वाचलं, या वेळी हळू.

सोमवारी नोंद गेली. पहिल्या ट्रकची गेली, दुसऱ्याची गेली, दिवसभर जात राहिली. मालकांनी कारण विचारलं तर वहिनींनी ते फळ्यावर लिहून सगळ्या ऑफिसला समजावलं. हे मला भावाकडून कळलं. पुढे त्यांना कायम केल्याचा निरोपही भावानंच दिला, तोही रडव्या आवाजात, आणि "सर्दी झालीय" असं वर सांगून.

इकडे मी तो बदल आमच्या मंडळींपुढे रीतसर ठेवला. दुसऱ्या एका देशातल्या एक बाई आमच्याकडे अशा बदलांची कडक तपासणी करतात. त्यांच्या शेऱ्यांना मी घाबरतो आणि त्यांचा मला आदरही आहे. त्यांनी लिहिलं की वाक्य चांगलं आहे, पण रेघ देणाऱ्या लोकांना पुन्हा टोकलेलं आवडणार नाही. रेघ म्हणजे "मला माहीत आहे, मला सोडा." त्यावर मी गेटची हकिगत लिहिली. नाव-गाव न सांगता लिहिलं की एका शिकणाऱ्या बाईंनी आपल्या कंपायलरची दोन्ही वाक्यं तंतोतंत पाळली आणि त्यांचा प्रोग्राम त्यामुळेच बिघडलेला राहिला. रेघ त्यांनी "मला सोडा" म्हणून दिली नव्हती, आपण सुचवली म्हणून दिली होती. दुसऱ्या दिवशी त्या बाईंचं उत्तर आलं: हे मी धरलंच नव्हतं, बदल घेऊ या. आणि खाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली होती, की त्या शिकणाऱ्या बाईंना माझे आभार कळवा. मी ते वहिनींना फोन करून वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, असू दे."

त्यानंतर माझा फोन हळूहळू वाजेनासा झाला. आधी मला वाटलं वहिनी कामात असतील. मग वाटलं रागावल्या की काय. शेवटी पुढच्या वर्षी दिवाळीच्या फराळाला खोपोलीला गेलो तेव्हा विचारलंच. "आता लागत नाय," त्या सहज म्हणाल्या आणि चिवड्याची ताटली पुढे केली. मला आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटलं. ते खणखणीत वाचन आणि ते ओरडणं मला हवंहवंसं झालं होतं. माझं काम नीट झालं की लोकांना माझी गरज उरत नाही, हे मी इतरांना व्याख्यान दिल्यासारखं सांगत आलो होतो. स्वतःच्या घरात ते झाल्यावर चिवडा नीट लागेना.

गेल्या महिन्यात एक दिवस तपासणीसाठी माझ्याकडे एक नवा बदल आला. पाठवणाऱ्याचं खातं अनोळखी होतं, चित्राच्या जागी नुसता करडा गोल. बदल माझ्या त्याच वाक्यात होता. सोबत कारण लिहिलेलं, स्वच्छ, सोप्या इंग्रजीत. कारण असं: हे वाक्य माणसाला एकच उपाय सांगतं, इथे थांबा. पण काही कामांसाठी थांबायचंच नसतं. एका कारखान्याच्या गेटवर ट्रक निघताना ड्रायव्हरच्या फोनवर मेसेज पाठवायचा होता. नव्या सहकाऱ्यानं ते काम सुरू न करताच ठेवलं होतं, कंपायलरनं सांगितलं म्हणून त्यानं तिथे थांबायला लावलं. घाटाच्या पायथ्याला नेटवर्क गेलं, मेसेज जाईना, प्रोग्राम थांबून राहिला, पावती निघेना, दांडी वर जाईना, आणि ट्रकची रांग रस्त्यापर्यंत गेली. म्हणून वाक्यात दुसरी ओळ हवी: थांबायचं नसेल तर हे काम सोपवून द्या, ते मागे आपलं आपण होईल. ते कसं सोपवायचं याचं उदाहरणही बाणासकट दिलेलं होतं.

घाटाच्या पायथ्याचं गेट. खोपोली घाटाच्या पायथ्यालाच आहे. मी खुर्चीत सरळ बसलो.

बदल अगदी बरोबर होता. माझी एवढी लाडकी ओळ, तिच्यामुळे कोणाच्या तरी ट्रकची रांग लागली होती, आणि मला ते सुचलंही नव्हतं. मी ओळख दाखवली नाही. तपासणारा म्हणून जे विचारायला हवं ते विचारलं: सोपवलेलं काम अपुरं राहिलं आणि प्रोग्राम बंद झाला तर? वाचणाऱ्याला ते कळायला नको का? तासाभरात उत्तर आलं. "बरोबर आहे, तेवढा इशारा घालते." आणि तो घातलेला होता, पाच-सहा शब्दांत, माझ्याहून बरा. त्या कडक तपासणीवाल्या बाईंनीही खाली येऊन लिहिलं की याला माझी हरकत नाही.

आता फक्त माझी मान्यता उरली होती. घरात कोणी नव्हतं. माझे डोळे भरून आले होते, त्यामुळे बटण कुठे आहे ते दिसायला जरा वेळ लागला. मान्यता दिली की खाली शेरा लिहायला जागा असते. एरवी मी ती रिकामी सोडतो. त्या दिवशी तिथे लिहिलं, "हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. धन्यवाद."